सुट्टीच्या शुभेच्छा

भात कापणीला आलं की मी एस.टी.त खिडकीशी बसत नाही. जागा रिकामी असली तरी बसत नाही. भोर सोडून उत्रोलीची खाचरं लागली की दोन्ही अंगांना नुसतं पिवळं पसरलेलं असतं. त्यात बायका ओळीनं वाकलेल्या. लांबून त्यांच्या पाठीच तेवढ्या दिसतात, आणि सरसर मागं पडत जाणारे भाताचे मूठभर पुंजके. त्या ओळीत कुणीतरी एक उभी असते. कंबर मोडली म्हणून असेल, पदर खोचायला असेल, नाहीतर उगाच गाडीकडं बघत असेल. शेतात काम करणारी बाई मधून मधून उभी राहणारच, हे मला कळतं. तरीही माझी नजर तिच्यावर जाते आणि मी चटकन मान फिरवते. उन्हामुळं तिचा चेहरा दिसलेला नसतो. तो दिसू नये अशीच माझी इच्छा असते.

हे गेली दहा-अकरा वर्षं चाललंय. त्याआधी हाच हंगाम मला फार आवडायचा. कापल्या भाताचा ओलसर, गोडूस वास, सकाळचं धुकं, सहामाही परीक्षेचे पेपर तपासून हातात आलेली दिवाळीची सुट्टी, आणि सुट्टीच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी पोस्टमनच्या पिशवीतून येणारं सुजाताचं कार्ड.

सुजाता आणि मी भोरला डी.एड. करताना एका खोलीत राहायचो. मी शेतकऱ्याघरची, खाऊनपिऊन सुखी. ती वेल्ह्याकडच्या एका वाडीतली, बौद्ध कुटुंबातली. वडील लवकर गेले, आईनं दुसऱ्यांच्या शेतावर राबून तिला शिकवलं. सुजाताच्या हातात चित्रकला होती. फळ्यावर खडूनं बैल काढला तर पोरं त्याच्यापासून लांब सरकायची. नोकरी लागल्यावर ती एका टोकाला गेली, मी दुसऱ्या. पहिल्याच दिवाळीत तिचं पाकीट आलं. आत ड्रॉइंगचा जाड कागद मधोमध दुमडलेला. त्यावर जलरंगात आमची भोरची खोली होती. दोरीवर वाळणाऱ्या दोन साड्या, स्टोव्ह, आणि माझी कायम उघडी राहणारी ट्रंक. आत तिच्या टपोऱ्या अक्षरात एकच ओळ होती, 'सुट्टीच्या शुभेच्छा.'

भेटल्यावर मी विचारलं, "दिवाळीच्या शुभेच्छा का नाही लिहिलंस?"

"दिवाळी तुमची," ती हसून म्हणाली. "आमच्यात आज्ज्यापासनंच बंद हाय ती. पण सुट्टी तर दोघींची हाय का न्हाई?" मग जरा थांबून म्हणाली, "आईला तर दिवाळी म्हंजे डबल काम. लोकांचं भात तवाच कापायला येतं."

तेव्हापासून दर वर्षी कार्ड येत गेलं. एका वर्षी तोरण्यावर उतरलेले ढग. एका वर्षी पाणी भरायला निघालेली तिच्या शाळेतली पोरं, प्रत्येकाच्या डोक्यावर वेगळं भांडं. एका वर्षी तिनं रंग वापरलेच नव्हते. भाताच्या काड्या चिकटवून खळं केलं होतं, आणि पाकीट उघडताच माझ्या मांडीवर चार दाणे सांडले होते. मला चित्र काढता येत नाही. मी बाजारातून चकचकीत कार्ड आणायची. पणती, रांगोळी, खाली छापील चार ओळी. मागच्या कोऱ्या पानावर मी लांबलचक पत्र लिहायची. सुजाता म्हणायची, "तुझं कार्ड मी उलटं धरूनच वाचती."

तिच्या घरी मी तीन-चार वेळा गेले होते. वाडीच्या कडेचं घर, पुढं सारवलेलं अंगण. तिची आई चुलीपुढं बसलेली असायची, दाराकडं पाठ करून. मी मावशी म्हणायची. "आगं बस की, उबी का?" असं न वळताच म्हणायच्या. बहुतेक माझ्या चपलांच्या आवाजावरूनच ओळखायच्या. पहिल्या वेळी त्यांनी नाचणीची भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलं. मी तीन भाकरी खाल्ल्या. घरी आल्यावर माझ्या आईनं विचारलं, "तितं जेवलीस का काय?" मी म्हणाले, "न्हाई, च्या घेतला नुसता." किती सहज बोलून गेले होते मी ते. घरात कुणाला वाईट वाटायला नको, एवढाच विचार होता. अशी सहज बोललेली खोटी वाक्यं माझ्या आयुष्यात बरीच आहेत, हे मला फार उशिरा कळलं.

मावशी गेल्या तो श्रावण होता. मी माती झाल्यावर दुसऱ्या दिवशी पोचले. सुजाता रडत नव्हती. अंगणात पाऊस पडत होता आणि ती घरातला मावशींचा एकुलता एक फोटो शोधत होती. रेशनकार्डावर होता म्हणे, तोही पाण्यानं पुसून गेलेला. "माझ्याजवळ आईचा फोटोच न्हाई गं," ती म्हणाली. "इतक्या चित्रांत तिला कधी काढलं न्हाई. घरातच हाय, कधीपण काढू, असं वाटायचं."

त्या वर्षीच्या दिवाळीचं कार्ड नेहमीपेक्षा मोठं होतं. उघडलं आणि मी खुर्चीत बसले. पिकलेलं खाचर, मागं डोंगराची निळी रेघ, आणि मधोमध मावशी उभ्या. निळ्या लुगड्याचा पदर डोक्यावर, हातात विळा, तो कमरेशी टेकवलेला. सरळ माझ्याकडं बघत होत्या. आत नेहमीची ओळ होती. मागच्या बाजूला बारीक अक्षरात आणखी दोन ओळी होत्या. 'आई जन्मभर दुसऱ्याच्या वावरात वाकली. ह्या वावरात मी तिला उभी केलीय. हे वावर तिचं.'

त्याच वर्षी आमच्या ह्यांनी निवडणुकीला उभं राहायचं ठरवलं. माणूस वाईट नाही. कुणाच्या मयतीला, कुणाच्या दवाखान्याला धावणारा. लोकांनीच भरीला घातलं. दिवाळीच्या तोंडावर मतदारांना शुभेच्छापत्रं वाटायची आणि स्टँडवर फ्लेक्स लावायचा असं ठरलं. घरात कार्यकर्त्यांचा राबता सुरू झाला, चहाचं भांडं चुलीवरनं उतरेना. हे आले आणि टेबलावरचं कार्ड त्यांनी उचललं.

"हे लई भारी हाय," ते म्हणाले. "पिकलेलं रान, डोंगर. आपल्या भागाचं चित्र. बाजारातल्या पणत्यांपेक्षा हेच छापू."

"अहो, सुजाताचं आहे ते. तिला विचारायला हवं."

"मग इचार की. तुझीच मैत्रीण ना? न्हाई म्हणंल व्हय?"

मी मोबाईल हातात घेतला. नंबर काढला. लावला नाही. तिची आई जाऊन तीन महिने झाले होते, आता असलं काय विचारायचं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. ती नाही म्हणेल अशी मला भीती होती, आणि तिनं नाही म्हटल्यावर ह्यांना ते सांगायचं बळ माझ्यात नव्हतं.

दोन दिवसांनी छपाईच्या दुकानातून ह्यांच्या मोबाईलवर नमुना आला. ह्यांनी तो माझ्यापुढं धरला. "बघ कसं झालंय." पिवळं खाचर तसंच होतं. डोंगर तसाच. मधोमध, मावशी होत्या तिथं, हात जोडून हसणारा ह्यांचा फोटो. डिझाइन करणाऱ्यानं बरोबर मोकळी करायची जागा शोधली होती. फक्त घाई झाली असावी. ह्यांच्या उजव्या खांद्यामागून निळ्या पदराचं टोक बाहेर डोकावत होतं.

मी ते टोक पाहिलं. बोट लावून फोटो मोठा करून पाहिलं. मग मोबाईल परत दिला आणि म्हणाले, "छान झालंय."

धनत्रयोदशीच्या दिवशी सकाळी दारात सुजाता उभी. हातात पिशवी, चपला धुळीनं भरलेल्या. ती आत आली, पाणी प्याली, चहा घेतला. माझ्या मुलीच्या परीक्षेची चौकशी केली. मी फराळाचं ताट पुढं सरकवलं, तिनं एक शंकरपाळा घेतला. मग म्हणाली, "स्टँडवर उतरले. भाऊजींचा फोटो मोठा लावलाय."

"अगं, मला दाखवलंच नाही त्यांनी," मी म्हणाले. "तुझं चित्र नेलं एवढंच माहीत होतं. मला वाटलं नुसतं चित्र छापतील. थेट छापूनच आणलं बघ."

सुजातानं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. फळ्यावर चुकीचं उत्तर लिहिणाऱ्या मुलाकडं ती पाहायची तसं, तो स्वतःच खोडेल म्हणून वाट बघत. मी खोडलं नाही.

"त्या फोटोच्या मागं माझी आई हाय," ती म्हणाली. पिशवी उचलली आणि उठली.

मी स्टँडपर्यंत तिच्याबरोबर गेले. फ्लेक्स वाऱ्यानं फुगत होता, पुन्हा आत बसत होता. कापड आत ओढलं गेलं की वाटायचं, मागं कुणीतरी उभं आहे आणि त्याचा श्वास लागतोय. आम्ही दोघी त्याच्याखाली गाडीची वाट बघत उभ्या होतो. सुजातानं एकदाही वर पाहिलं नाही. मला पाहिल्यावाचून राहवत नव्हतं.

हे निवडणुकीत पडले. फ्लेक्स उतरला. उरलेली शुभेच्छापत्रं रद्दीत गेली. मला वाटलं, आता सुजाता आपल्याशी बोलणार नाही. कार्ड तर नक्कीच येणार नाही.

पण पुढच्या दिवाळीत पाकीट आलं. मी ते दिवसभर उघडलं नाही. संध्याकाळी उघडलं तर आत भात कापून नेलेलं खाचर होतं. नुसती खुंटं, आणि बांधावर टेकवलेला विळा. माणूस कुणी नाही. आत तीच ओळ, 'सुट्टीच्या शुभेच्छा.' त्यापुढच्या वर्षी रिकामं खळं आलं. मग एका वर्षी घराचं उघडं दार, आणि आतल्या चुलीत विस्तव, पण चुलीपुढं कुणी बसलेलं नाही. मग पायवाट. मग शाळेचं अंगण, घंटा तेवढी लोंबतेय. रंग पूर्वीपेक्षा सुंदर होत गेले. पोरं, बायका, म्हातारे, ज्यांनी तिची आधीची कार्डं गजबजलेली असायची, ते सगळे कुठंतरी निघून गेले होते. मी प्रत्येक कार्ड साड्यांच्या खाली ठेवायची. कपाट उघडताना हात तिकडं गेला की तिथला कापडाचा थर मला उगाचच गार लागायचा.

मी तिला उत्तर पाठवत राहिले. आधी बाजारातलं कार्ड आणि मागं पत्र. पुढं दुकानात कार्डं मिळेनाशी झाली, मग मोबाईलवर पणतीचं हलणारं चित्र. ती त्यावर हात जोडलेली खूण पाठवायची. भेटी व्हायच्या, लग्नात, निरोपसमारंभात. ती प्रेमानंच बोलायची. हेच मला असह्य व्हायचं. ती भांडली असती तर मीही काही बोलले असते, रडले असते, निकाल लागला असता. ह्यांना एकदा सांगितलं तर ते गोंधळले. "एवढ्या वर्षांनी त्या चित्राचं काय काढलंस?" मग संध्याकाळी स्वतःहून म्हणाले, "मला खरंच ठाऊक नव्हतं गं, ती तिची आई हाय म्हणून. तू बोलली न्हाईस." ते खरं होतं. मी त्यांनाही सांगितलं नव्हतं.

आणि मग ती शेतातली उभी बाई. पहिल्यांदा दिसली ती निवडणुकीनंतरच्या हंगामात, शाळेतून येताना. सगळ्या वाकलेल्या, ही एकटी ताठ. निळं लुगडं असेलच असं नाही. एकदा तर अंगात पुरुषाचा शर्ट आणि डोक्याला टॉवेल होता. तरी मी मान फिरवली. असं वाटलं की गाडी थांबली तर ती बांधावरून चालत येईल आणि मला विचारेल, जेवलीस का.

गेल्या वर्षी दोघीही निवृत्त झालो होतो. सुजाता आता हायवेलगतच्या शिवऱ्याला राहते. दिवाळीत तिचं कार्ड आलं. नदीकाठचा घाट, पायऱ्या ओल्या, माणूस नाही. मी ते ठेवून दिलं नाही. पिशवीत घातलं आणि गाडी धरली. ती अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती.

"आगं, कळवायचं तरी," ती म्हणाली. "बस."

मी बसले नाही. बसले असते तर पुन्हा चहा आला असता, मुलांच्या गोष्टी निघाल्या असत्या. "सुजाता, मी बघितलं होतं," मी म्हणाले. "छापायच्या आधी. ह्यांनी मोबाईलवर दाखवलं होतं. मावशींचा पदर दिसत होता मागं. मी मोठा करून बघितला. आणि छान झालंय म्हणाले."

सूप थांबलं. हायवेवरनं ट्रक जात होते, त्यांची घरघर अंगणात येत होती. मी म्हणाले, "तू आलीस त्या दिवशी मी खोटं बोलले."

"व्हय," ती म्हणाली. "ठावं हाय मला."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. तू ताट पुढं केलंस, पण माझ्याकडं बघितलं न्हाईस." तिनं तांदळातला एक खडा उचलला आणि बाजूला टाकला. "आज सांगितलंस. बरं झालं."

मला वाटलं होतं, सांगितल्यावर काहीतरी सुटेल. ती रडेल, मी रडेन. तसं काही झालं नाही. तिनं चहा केला, मी प्याले. निघताना ती फाट्यापर्यंत आली, गाडी थांबवली, माझी पिशवी वर दिली. एवढंच.

यंदा पाऊस लांबला, भात उशिरा आलं. दिवाळी आली आणि गेली. पोस्टमन दोनदा येऊन गेला, बँकेचं काहीतरी देऊन. सुजाताचं पाकीट आलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी कपाटातली सगळी कार्डं बाहेर काढून पलंगावर पसरली, आधीची भरलेली आणि नंतरची रिकामी. सत्य सांगून मी एवढंच केलं, की होतं तेही बंद पाडलं, असं वाटून गेलं. चार दिवस थांबले. मग फोन लावला.

"कार्ड नाही आलं तुझं," मी म्हणाले.

"न्हाई काढलं."

"रागावलीस?"

"राग कवाच गेला," ती म्हणाली. "मी दर साली काढायला बसायची. वावर व्हायचं, खळं व्हायचं. माणूस काढायला ब्रश टेकवला की हात थांबायचा. वाटायचं, ह्यालापण कुणी झाकलं तर? आता मी दमले बग. आता तू काढ."

"मी? मला कुठं येतं?"

"न येऊ दे. आईला काढ. उबी काढ. बग तरी किती येळ लागतो माणूस उबं करायला."

दुसऱ्या दिवशी दुपारी हे जेवून झोपले होते. मी नातीची रंगपेटी आणि जाड कागद घेऊन बसले. वावर पिवळं केलं, ते ठिकठिकाणी मातकट झालं. डोंगर जमला नाही. मावशींना मधोमध काढलं, लुगडं निळं, हातात विळा. हात वाकडे आले पण हात मला आठवत होते, भाकरी थापताना पाहिलेले. मग चेहऱ्यावर आले आणि पेन्सिल थांबली.

मला तो आठवेना. तीन-चार वेळा त्या घरी जेवलेली मी. मला पाठ आठवत होती, पदर, आवाज. सुजातानं काढलेला चेहरा आठवू म्हटलं, तर त्या जागी दर वेळी ह्यांचं हसणारं तोंड यायचं. ते कार्ड दुकानातून परत आलंच नव्हतं, मी ते मागायलाही गेले नव्हते. शेवटी मी एका साध्यासुध्या बाईचा चेहरा काढला. डोळे, नाक, थोडं हसू. लांब धरून पाहिला. चांगला दिसत होता. कुणालाही चालला असता. आणि माझ्या लक्षात आलं, की मी पुन्हा तेच करतेय. त्यांच्यावर दुसरंच कुणीतरी चिकटवतेय. मी खोडरबर घेतलं. रंगाखालचा कागद सोलवटला, चेहऱ्याच्या जागी पांढरा, खरबरीत डाग राहिला. मी ते तसंच पाकिटात घातलं आणि पोस्टात टाकून आले.

काल सकाळी तिचा फोन आला. भांडी घासत होते, ओल्या हातानंच घेतला.

"पोचलं," सुजाता म्हणाली.

मी नळ बंद केला.

"तोंडाच्या जागी कागद खरवडलाय."

"आठवेना गं मला," मी म्हणाले. "खोटं काढलं होतं, ते खोडलं."

पलीकडं कागद उलगडल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "उंची बरोबर हाय." आणि शाळेत शुद्धलेखन सांगायची तशा सावकाश आवाजात ती सांगू लागली. "कपाळ बारीक होतं तिचं. केस पार खाली आलेले. डावी भुवई अर्धीच होती, लहानपणी चुलीवर पडली हुती म्हणून. त्याच्यामुळं सारखी वाईच नवल वाटल्यासारखी दिसायची. काढतीस का?"

मी हात पुसले आणि पेन्सिल शोधू लागले.